लिनक्स पहिल्यांदा टाकताय? आधी हे वाचा, मग पेनड्राईव्ह लावा

विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि तेव्हापासून "लिनक्स टाकू का?" हा प्रश्न मला सारखं कोणी ना कोणी विचारतंय. मशीन धडधाकट असतं, काम नीट करत असतं, पण प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत नसतो किंवा टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप नसते आणि मग नवीन लॅपटॉप घ्या असं सुचवलं जातं. नवीन घ्यायची गरज नाही, त्याच मशीनवर लिनक्स अजून बरीच वर्षं आरामात चालतं.

टाकणं अवघड नाही, अर्धा तास फार तर तास लागतो. लोक अडकतात ते त्याच्या आधीची तयारी गाळल्यामुळे, एका संध्याकाळी उत्साहात विंडोज पुसून टाकतात आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसची फाईल उघडत नाही म्हणून सगळं परत आहे तसं करत बसतात. म्हणून माझं सगळ्यांना एकच सांगणं असतं, आधी सॉफ्टवेअर बदला, सिस्टीम सगळ्यात शेवटी बदला. खालच्या पायऱ्या त्याच क्रमाने आहेत, क्रम मोडू नका.

हे जवळ ठेवा

- ८ जीबी किंवा मोठा पेनड्राईव्ह, त्यातलं सगळं पुसलं जाणार आहे
- बॅकअपसाठी वेगळी हार्डडिस्क (तोच पेनड्राईव्ह बॅकअपला वापरता येणार नाही)
- लॅपटॉपचा चार्जर, बॅटरीच्या भरवशावर हे काम करू नका
- इंटरनेट असलेला फोन आणि त्याची डेटा केबल
- कागद आणि पेन, खरंच, कारण स्क्रीन बंद असताना नोट्स वाचता येत नाहीत
- मायक्रोसॉफ्ट अकाउंटचा पासवर्ड आणि बिटलॉकरची (विंडोजचं डिस्क कुलूपबंद करायचं साधन) रिकव्हरी की (पायरी ३ बघा)

## १. कुठलं लिनक्स घ्यायचं

लिनक्स हा खरं तर सिस्टीमचा गाभा, म्हणजे कर्नल. लिनस टोरवाल्ड्सने तो १९९१ मध्ये सुरू केला. त्याच्या भोवतीची बरीचशी साधनं ग्नू प्रकल्पातून आली, ती चळवळ रिचर्ड स्टॉलमनने १९८३ मध्ये जाहीर केली होती. हे सगळं एकत्र बांधून, वर डेस्कटॉप चढवून जे तयार पॅकेज मिळतं त्याला डिस्ट्रो म्हणतात. डेबियन १९९३ पासून आहे, फेडोरा २००३, उबंटू २००४, मिंट २००६. अशा शेकडो आहेत आणि नवखा माणूस इथेच आठवडाभर अडकतो, व्हिडिओ बघत राहतो, तुलना वाचत राहतो.

माझं मत सरळ आहे, पहिल्यांदा टाकत असाल तर लिनक्स मिंट घ्या, सिनॅमन एडिशन. खाली टास्कबार, डाव्या कोपऱ्यात मेन्यू, घड्याळ उजवीकडे, त्यामुळे विंडोजवरून आलेल्या माणसाला काही शोधत बसावं लागत नाही. रॅम ४ जीबी किंवा त्याहून कमी असेल तर मिंटचीच एक्सएफसीई एडिशन घ्या, ती हलकी आहे. मिंटवाले किमान २ जीबी रॅम आणि २० जीबी जागा सांगतात, पण नीट वापरायचं तर ४ जीबी आणि १०० जीबी धरा. सध्याची २२ ची मालिका उबंटू २४.०४ वर बांधलेली आहे आणि तिला एप्रिल २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत. उबंटूच्या नंबरात वर्ष आणि महिना असतो, २४.०४ म्हणजे एप्रिल २०२४. दर दोन वर्षांनी एप्रिलमध्ये एलटीएस म्हणजे लांब सपोर्टवाली आवृत्ती येते, नवीन माणसाने तीच धरावी.

उबंटू किंवा फेडोरा घेतलंत तरी काही बिघडत नाही. पण काली लिनक्स घेऊ नका, ते सिक्युरिटी टेस्टिंग करणाऱ्यांचं साधन आहे, रोजच्या वापराचं नाही. आर्च पण नंतर कधीतरी. आणि एकदा ठरवलं की निदान दोन-तीन महिने तेच वापरा, दर आठवड्याला डिस्ट्रो बदलणाऱ्याला एकही धड येत नाही.

## २. विंडोजवर असतानाच सॉफ्टवेअर बदला

ही पायरी सगळ्यात महत्त्वाची आणि सगळेच गाळतात. लिनक्सवर जे वापरणार त्यातलं जवळजवळ सगळं विंडोजवरही मिळतं, त्यामुळे आत्ता या क्षणी कुठलीही जोखीम न घेता सुरुवात करता येते. फायरफॉक्स, लिब्रेऑफिस, व्हीएलसी, मेलसाठी थंडरबर्ड, फोटोसाठी गिंप, चित्रासाठी क्रिटा, व्हेक्टर कामाला इंकस्केप, व्हिडिओला केडेनलाईव्ह. हे विंडोजवर टाका आणि दोन-तीन आठवडे फक्त यातच काम करा.

हे करताना एक यादी बनवा. दिवसभरात जे जे प्रोग्राम उघडता ते लिहा, आणि प्रत्येकासमोर लिहा की त्याचं काय होणार: लिनक्सवर तसंच मिळतं, पर्याय आहे, ब्राऊझरमध्ये चालतं, की काहीच नाही. बहुतेकांचं नव्वद टक्के काम हल्ली ब्राऊझरमध्येच असतं हे या यादीतून कळतं आणि मग भीती निम्मी होते.

"काहीच नाही" या रकान्यात साधारण हे येतं:

मायक्रोसॉफ्ट ऑफिसची इन्स्टॉल करायची आवृत्ती लिनक्सवर येत नाही. ब्राऊझरमधलं ऑफिस चालतं. लिब्रेऑफिस वर्ड-एक्सेलच्या फाईल उघडतं आणि सेव्हही करतं, साध्या पत्राला, शीटला काही अडचण नाही, पण एक्सेलमध्ये मोठे मॅक्रो असतील तर ते चालतीलच असं धरू नका, तुमच्या खऱ्या फाईल उघडून बघा, नुसत्या रिकाम्या फाईलवर चाचणी करून उपयोग नाही. फोटोशॉप, इलस्ट्रेटर वगैरे अडोबीची सॉफ्टवेअर लिनक्ससाठी निघत नाहीत, ज्यांचं पोट त्यावर आहे त्यांनी विंडोज ठेवावंच. गेमचं असं आहे की स्टीमने २०१८ मध्ये प्रोटॉन आणल्यापासून विंडोजचे पुष्कळ गेम लिनक्सवर चालायला लागलेत, पण ज्या ऑनलाईन गेममध्ये कडक अँटी-चीट आहे त्यातले बरेच चालत नाहीत, व्हॅलोरंट त्यातलंच. प्रोटॉन-डीबी नावाच्या साईटवर गेमचं नाव टाकून बघून घ्या. शिवाय डिजिटल सिग्नेचरचं टोकन, एखादं अकाउंटिंगचं सॉफ्टवेअर, जुना स्कॅनर असलं काही असेल तर ते यादीत वेगळं ठळक लिहा.

वाईन नावाचं एक साधन आहे, त्याने विंडोजचे काही प्रोग्राम लिनक्सवर चालतात. चालला तर छान, पण ज्या प्रोग्रामवर तुमचं रोजचं काम अडतं त्यासाठी वाईनच्या भरवशावर राहू नका.

यादीत अडकणाऱ्या एक-दोनच गोष्टी असतील तर ड्युअल बूट करा, म्हणजे दोन्ही सिस्टीम एकाच मशीनवर. पाच-सहा असतील तर आत्ता थांबा, आणि थांबणं यात काही कमीपणा नाही.

## ३. विंडोजमधली तयारी

बॅकअप. फोटो, कागदपत्रं, ब्राऊझरचे बुकमार्क, पासवर्ड, सगळं बाहेरच्या डिस्कवर. आणि कॉपी झाल्यावर ती डिस्क दुसऱ्या मशीनला लावून चार फाईल उघडून बघा. न उघडून बघितलेला बॅकअप मी बॅकअप धरत नाही.

मग बिटलॉकर. नव्या लॅपटॉपवर, मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन केलेलं असेल तर डिव्हाईस एन्क्रिप्शन बऱ्याचदा आपोआप सुरू झालेलं असतं आणि मालकाला पत्ताही नसतो. मग तुम्ही बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्याही आधी उघडणाऱ्या मशीनच्या सेटिंगमध्ये, काहीतरी बदलता आणि विंडोज सुरू होताना निळ्या स्क्रीनवर ४८ आकडी रिकव्हरी की मागते. ती की मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये सेव्ह असते, आत्ताच जाऊन बघा, कागदावर उतरवा. ड्युअल बूट करणार असाल तर सेटिंगमध्ये जाऊन एन्क्रिप्शन बंद करा आणि ते पूर्ण उतरेपर्यंत थांबा, मोठ्या डिस्कला वेळ लागतो.

तिसरं, फास्ट स्टार्टअप बंद करा. कंट्रोल पॅनेल, पॉवर ऑप्शन्स, पॉवर बटणाने काय व्हावं ते निवडायचं पान, तिथे "टर्न ऑन फास्ट स्टार्टअप"ची खूण काढा. हे चालू असताना शटडाऊन केलेलं विंडोज खरं तर पूर्ण बंद होत नाही, अर्धवट हायबरनेट होतं, आणि मग लिनक्समधून ते ड्राईव्ह उघडलं तर फक्त वाचता येतं, लिहिता येत नाही. "लिनक्समध्ये फाईल सेव्ह होत नाही" या तक्रारीमागे बहुतेक वेळा हेच असतं.

चौथं, ड्युअल बूटसाठी जागा. ती विंडोजच्याच डिस्क मॅनेजमेंटमधून काढा, सी ड्राईव्हवर राईट क्लिक, श्रिंक व्हॉल्यूम, आणि सुटलेली जागा तशीच रिकामी ठेवा, तिथे नवीन ड्राईव्ह बनवू नका. कधी कधी डिस्कवर पुष्कळ मोकळी जागा असूनही विंडोज थोडीशीच श्रिंक करू देते, कारण मध्येच न हलणाऱ्या फाईल बसलेल्या असतात. हायबरनेशन आणि पेजफाईल तात्पुरती बंद करून, रिस्टार्ट करून परत प्रयत्न करा.

आणि जमलं तर मायक्रोसॉफ्टच्या मीडिया क्रिएशन टूलने विंडोजचा एक पेनड्राईव्ह पण करून ठेवा. परत जायची वेळ आली तर हाताशी असतो.

## ४. आयएसओ उतरवणं आणि पेनड्राईव्ह बनवणं

आयएसओ म्हणजे अख्खी डिस्ट्रो ज्यात असते ती एकच मोठी फाईल, ती फक्त त्या डिस्ट्रोच्या स्वतःच्या साईटवरून घ्या. साधारण ३ जीबीच्या आसपास असते.

मग चेकसम, म्हणजे फाईलच्या बोटांच्या ठशासारखा कोड, तपासा. डाउनलोडच्या पानावर एसएचए-२५६ ची ६४ अक्षरांची ओळ दिलेली असते. विंडोजवर सेव्हन-झिप असेल तर आयएसओवर राईट क्लिक करून सीआरसी एसएचए मेन्यूतून एसएचए-२५६ काढा आणि दोन्ही ओळी जुळतात का बघा, पूर्ण ओळ, नुसती सुरुवात नाही. हा वेळखाऊपणा वाटतो पण २० फेब्रुवारी २०१६ ला मिंटच्याच साईटमध्ये घुसून कोणीतरी डाउनलोडची लिंक बदलली होती आणि लोकांना मागचं दार ठेवलेली आयएसओ मिळत होती. मिंटच्या टीमने ते लगेच जाहीर केलं आणि चेकसम ताडून बघा असंच सांगितलं. शिवाय डाउनलोड अर्धवट झालेलं असेल तर तेही इथेच कळतं, नाहीतर इन्स्टॉल मध्येच बंद पडतं आणि कारण सापडत नाही.

पेनड्राईव्ह बनवायला बलेना एचर सगळ्यात सोपं, फाईल निवडा, पेनड्राईव्ह निवडा, फ्लॅश. रुफसही चांगलं आहे. आयएसओ नुसती पेनड्राईव्हवर कॉपी-पेस्ट करून चालत नाही. आणि ड्राईव्ह निवडताना नाव आणि साईज दोन्ही वाचा, बॅकअपची डिस्क त्याच वेळी लावलेली असेल तर आधी काढून ठेवा.

## ५. पेनड्राईव्हवरून सुरू करणं

मशीन बंद करा, पेनड्राईव्ह लावा, चालू करताच बूट मेन्यूची की दाबत राहा. कंपनीप्रमाणे ती एफ १२, एफ ९, एफ ११, एस्केप यातली काहीतरी असते, बायोसची की बहुतेक एफ २, एफ १० किंवा डिलीट. यादीत पेनड्राईव्ह दोनदा दिसला तर ज्याच्यापुढे यूईएफआय लिहिलंय तो निवडा. सिक्युअर बूट (फक्त सही असलेली सिस्टीम सुरू होऊ देणारी सेटिंग) बंद करायची घाई नको, मिंट, उबंटू, फेडोरा हे ते चालू असतानाही बूट होतात.

स्क्रीन काळी पडून राहिली तर परत सुरू करा आणि पहिल्याच मेन्यूतून कम्पॅटिबिलिटी मोड निवडा, एनव्हीडियाचं ग्राफिक कार्ड असलेल्या मशीनवर हे लागू शकतं.

## ६. इन्स्टॉल करू नका, आधी तासभर वापरा

आता समोर पूर्ण डेस्कटॉप येतो. हे लाईव्ह सेशन, सगळं पेनड्राईव्ह आणि रॅमवर चाललंय, हार्डडिस्कला हात लागलेला नाही. पेनड्राईव्हवरून चाललंय म्हणून थोडं हळू वाटेल, त्यावरून मत बनवू नका.

इथे एकेक तपासा: वायफाय दिसतं का आणि जोडलं जातं का, आवाज येतो का, माईक, वेबकॅम, ब्लूटूथ, टचपॅडवर दोन बोटांनी स्क्रोल, ब्राईटनेसच्या की, बाहेरचा मॉनिटर, प्रिंटर. झाकण बंद करून मशीन झोपवा आणि उघडून परत जागं होतं का बघा, हे लोक विसरतातच. यूट्यूबवर व्हिडिओ लावा. तुमच्या बॅकअपमधली एखादी वर्डची फाईल उघडा.

वायफाय दिसत नसेल तर घाबरू नका, फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग सुरू करा, इंटरनेट मिळतं, आणि मग ड्रायव्हर मॅनेजरमध्ये बघा. ब्रॉडकॉमच्या काही वायफाय चिपना वेगळा ड्रायव्हर लागतो, तो तिथे मिळतो. प्रिंटरच्या बाबतीत गंमत म्हणजे नेटवर्कवरचे नवे प्रिंटर बहुतेक वेळा काहीच न टाकता दिसायला लागतात.

हार्डडिस्कच दिसत नाहीये असं झालं तर बायोसमध्ये स्टोरेज रेड (RAID) किंवा इंटेल आरएसटी मोडवर असेल. ते एएचसीआयवर करावं लागतं, पण विंडोज ठेवणार असाल तर थेट बदलू नका, विंडोज सुरू होणार नाही. आधी विंडोजला सेफ मोडमध्ये सुरू व्हायला सांगायचं, मग बायोसमध्ये बदलायचं, मग सेफ मोडमध्ये एकदा सुरू करून नेहमीसारखं करायचं.

## ७. प्रत्यक्ष इन्स्टॉल

डेस्कटॉपवर इन्स्टॉलचा आयकॉन असतो. भाषा, कीबोर्ड, मग मल्टिमीडिया कोडेक टाकायचे का विचारतं, त्यावर खूण करा नाहीतर काही व्हिडिओ चालणार नाहीत.

यानंतर जो प्रश्न येतो तिथे हात कीबोर्डवरून काढून नीट वाचा. पर्याय साधारण तीन:

"अलाँगसाईड" म्हणजे विंडोजच्या शेजारी. ड्युअल बूटसाठी हाच.

"इरेज डिस्क" म्हणजे त्या डिस्कवरचं सगळं जाणार, नुसतं विंडोज नाही, डी ड्राईव्ह, ई ड्राईव्ह, कंपनीचं रिकव्हरी पार्टिशन, सगळं. बऱ्याच जणांना वाटतं फक्त सी ड्राईव्ह पुसला जाईल. तसं नाही. मशीनमध्ये दोन डिस्क असतील तर कुठली निवडली आहे ते साईज बघून खात्री करा.

"समथिंग एल्स" म्हणजे पार्टिशन, डिस्कचे वेगवेगळे भाग, स्वतः करायची. "अलाँगसाईड" दिसत नसेल तर इथे यावं लागतं. आधी रिकामी करून ठेवलेली जागा निवडा, त्यात एक पार्टिशन बनवा, प्रकार एक्स्ट४, माउंट पॉईंट नुसता स्लॅश म्हणजे "/". बस. स्वॅपसाठी (रॅम कमी पडली तर डिस्कवर वापरायची जागा) वेगळं पार्टिशन लागत नाही, मिंट स्वॅप फाईल स्वतः बनवतं. फॅट३२ मधलं एक छोटं ईएफआय पार्टिशन दिसेल, ते तसंच ठेवा, फॉरमॅटची खूण त्याच्यावर अजिबात लावू नका, विंडोज सुरू करायची फाईल त्यातच असते.

"इन्स्टॉल नाऊ" दाबल्यावर काय काय बदलणार त्याची यादी येते, ती वाचा, शंका वाटली तर मागे या, इथपर्यंत काहीच बदललेलं नसतं.

मग टाईमझोन, तुमचं नाव, पासवर्ड. युजरनेम इंग्रजी लहान अक्षरात, मध्ये जागा नको. लॅपटॉप घेऊन फिरत असाल तर डिस्क एन्क्रिप्ट करायचा पर्याय चांगला आहे, पण तो पासवर्ड विसरलात तर डेटा परत मिळायचा कुठलाही मार्ग नाही, कोणाकडेच नाही.

झालं की रिस्टार्ट, सांगेल तेव्हा पेनड्राईव्ह काढा. ग्रब नावाचा मेन्यू येईल, त्यात मिंट आणि विंडोज दोन्ही दिसायला हवेत. सरळ विंडोजच सुरू झालं तर बायोसमध्ये बूट ऑर्डर बघा, मिंटचं नाव तिथे "उबंटू" असं दिसू शकतं, ते वर घ्या.

## ८. पहिल्या दिवशी करायच्या गोष्टी

पहिलं काम, टाईमशिफ्ट उघडा आणि एक स्नॅपशॉट घ्या. अपडेटने किंवा तुमच्या प्रयोगाने सिस्टीम बिघडली तर त्या क्षणाला परत जाता येतं. पण लक्षात घ्या, टाईमशिफ्ट सिस्टीमच्या फाईल जपतं, तुमचे फोटो आणि कागदपत्रं त्यात धरलेली नसतात, त्यांचा बॅकअप वेगळाच घ्यावा लागतो.

मग अपडेट मॅनेजर, सगळे अपडेट घ्या. मग ड्रायव्हर मॅनेजर. एनव्हीडिया असेल तर ज्याच्यापुढे "रेकमेंडेड" लिहिलंय तोच ड्रायव्हर निवडा. सिक्युअर बूट चालू असताना असा ड्रायव्हर टाकला तर एक पासवर्ड ठरवायला सांगतं आणि पुढच्या वेळी सुरू होताना निळी स्क्रीन येते, तिथे "एनरोल एमओके" निवडून तोच पासवर्ड द्यायचा. लोक ती स्क्रीन व्हायरस समजून घाईने पुढे जातात आणि मग ड्रायव्हर चालत नाही.

नवीन सॉफ्टवेअर सॉफ्टवेअर मॅनेजरमधूनच घ्या. साईट शोधा, सेटअप उतरवा, नेक्स्ट-नेक्स्ट करा ही विंडोजची सवय इथे सोडायची, आणि हे मला लिनक्सचं सगळ्यात आवडतं, सगळं एका ठिकाणाहून येतं आणि सगळ्याचे अपडेटही एकाच ठिकाणाहून. तिथे कधी एकच प्रोग्राम दोनदा दिसतो, एक सिस्टीम पॅकेज आणि एक फ्लॅटपॅक. फ्लॅटपॅक जास्त नवीन असतं पण जागा जास्त घेतं. जागा कमी असेल तर सिस्टीम पॅकेज.

ड्युअल बूटमध्ये विंडोजचं घड्याळ काही तास चुकायला लागेल. लिनक्स मशीनच्या घड्याळात यूटीसी धरतं, विंडोज स्थानिक वेळ धरते, म्हणून दोघांची ओढाताण. टर्मिनल, म्हणजे आज्ञा टाईप करायची खिडकी, उघडून timedatectl set-local-rtc 1 ही आज्ञा एकदा दिली की मिटतं.

## ९. मराठी टायपिंग आणि फाँट

मराठी वाचायला काही करावं लागत नाही, फाँट आधीच असतात. लिहायचं असेल तर सेटिंगमध्ये कीबोर्ड, लेआउट, तिथे यादीत मराठीचा लेआउट जोडा. त्याने भागत नसेल, इंग्रजी अक्षरांवरून उच्चाराप्रमाणे लिहायची सवय असेल, तर सॉफ्टवेअर मॅनेजरमधून आयबस-एम१७एन (ibus-m17n) टाका, इनपुट मेथडमध्ये आयबस निवडा, लॉगआउट करून परत या आणि आयबसच्या प्रेफरन्समध्ये मराठी जोडा. इन्स्क्रिप्ट, फोनेटिक, आयट्रान्स असे प्रकार मिळतात. लॉगआउट न करता "चालतच नाही" म्हणू नका.

लिब्रेऑफिसमध्ये देवनागरी वेगळ्या गटात येते, त्याला ते कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट म्हणतात. टूल्स, ऑप्शन्स, भाषेच्या सेटिंगमध्ये तो गट चालू करून मराठी निवडा. स्टाईलमध्ये इंग्रजीचा फाँट आणि देवनागरीचा फाँट वेगवेगळे लावायचे असतात, वरचा बदलला आणि मराठी आहे तशीच राहिली याचं कारण हे.

मंगल हा फाँट मायक्रोसॉफ्टचा आहे, तो लिनक्समध्ये नसतो, त्यामुळे मंगलमध्ये केलेली फाईल दुसऱ्या फाँटमध्ये दिसते आणि पानं थोडी पुढे-मागे सरकतात. मजकूर मात्र शाबूत असतो. खरी डोकेदुखी शिवाजी, कृतिदेव, श्रीलिपी अशा जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमधल्या फाईलची. त्या इंग्रजी अक्षरांच्या कचऱ्यासारख्या दिसतात. तुमच्याकडे तो फाँट असेल तर विंडोजवरून फाईल आणून डबल क्लिक करून टाकता येतो, पण असा साठा मोठा असेल तर विंडोज हाताशी असतानाच सगळं युनिकोडमध्ये बदलून घ्या.

## १०. टर्मिनलची भीती आणि टर्मिनलचा अतिउत्साह

मिंटमध्ये रोजच्या कामाला टर्मिनल लागत नाही. पण मदत शोधताना उत्तर नेमकं आज्ञेच्या रूपात मिळतं, म्हणून थोडं माहीत असू द्या. पासवर्ड टाईप करताना तिथे काहीच दिसत नाही, टिंबंही नाहीत, कीबोर्ड बिघडलेला नाही, टाईप करून एंटर दाबा. कॉपी-पेस्टला कंट्रोल सोबत शिफ्ट पण दाबायचं, नुसतं कंट्रोल सी दाबलं तर चालू असलेलं काम थांबतं. लहान-मोठी अक्षरं वेगळी धरतात. अर्धं नाव लिहून टॅब दाबलं की उरलेलं आपोआप येतं.

सुडो ने सुरू होणारी आज्ञा म्हणजे सिस्टीमचे पूर्ण अधिकार. कुठूनतरी उचललेली आज्ञा, त्यातला प्रत्येक तुकडा काय करतो हे न कळता चालवू नका. त्यात आरएम किंवा डीडी दिसलं तर थांबाच, आरएम फाईल कायमची उडवते, ती रिसायकल बिनमध्ये नाही जात, आणि डीडी चुकीच्या डिस्कवर चालवली तर त्या डिस्कवरचं सगळं गेलं.

सी ड्राईव्ह, डी ड्राईव्ह इथे नाहीत. सगळं "/" पासून सुरू होतं आणि तुमचं सामान होम फोल्डरमध्ये. बाकी फोल्डरना हात लावायची गरज पडत नाही.

## ११. अडलं तर

अपडेटनंतर मशीन नीट सुरू होईना, तर ग्रबमध्ये ॲडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये जुना कर्नल निवडा, बहुतेक वेळा सुरू होतं. तेही नाही तर लाईव्ह पेनड्राईव्हवरून सुरू करून तिथूनच टाईमशिफ्ट चालवता येतं. म्हणून तो पेनड्राईव्ह लगेच पुसू नका.

कोणाला विचारताना "वायफाय चालत नाही, मदत करा" एवढंच लिहिलं तर कोणी काही सांगू शकत नाही. लॅपटॉपचं मॉडेल, डिस्ट्रो आणि तिची आवृत्ती, काय करत होतात, आणि स्क्रीनवर आलेला एररचा मजकूर अक्षरशः जसाच्या तसा द्या. मिंटमध्ये सिस्टीम रिपोर्ट्स नावाचं साधन आहे, त्यातून मशीनची सगळी माहिती कॉपी करता येते.

## १२. परत जायचं असेल तर

हे आधीच माहीत असलेलं बरं. ड्युअल बूट केलं असेल आणि लिनक्स काढायचं असेल तर विंडोजमध्ये जाऊन सरळ लिनक्सचं पार्टिशन डिलीट करू नका, पुढच्या वेळी ग्रबला त्याच्या फाईल सापडणार नाहीत आणि काळ्या स्क्रीनवर "ग्रब" असं लिहून मशीन थांबेल. आधी बायोसमध्ये बूट ऑर्डरला विंडोज बूट मॅनेजर सगळ्यात वर घ्या, विंडोज थेट सुरू होतंय हे दोनदा बघा, लिनक्समधलं काही हवं असेल तर कॉपी करा, कारण विंडोजला एक्स्ट४ वाचता येत नाही, आणि मगच डिस्क मॅनेजमेंटमधून ते पार्टिशन काढून जागा सी ड्राईव्हला जोडा. ती जागा सी ड्राईव्हच्या लगेच उजवीकडे असेल तरच एक्स्टेंडचा पर्याय चालतो, मध्ये रिकव्हरी पार्टिशन आलं असेल तर चालणार नाही, मग त्या जागेचा वेगळा ड्राईव्ह बनवून वापरा.